कुंडीतला मोगरा

मोगरा (संस्कृत मल्लिका, हिंदी बेला, कन्नड मल्लिगे, शास्त्रीय नाव जास्मिनम सँबॅक, कुल ऑलिएसी) हे पांढऱ्या, सुवासिक फुलांचे सदाहरित झुडूप आहे. जमिनीत मोकळे सोडले तर ते अर्धवट वेलीसारखे पसरते. कुंडीत छाटणीच्या धाकाने दोन-तीन फुटांत राहते. गॅलरी, गच्ची, खिडकीची ग्रिल असे कुठेही ते दिसते. घरोघरी मोगरा असतो, फुलणारा मोगरा त्या मानाने कमी.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये मोगऱ्याला पारिजातकाच्या प्रजातीत घातले होते. १७८९ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम एटन यांनी तो जास्मिनममध्ये, म्हणजे जुई, चमेली आणि कुंद यांच्या पंगतीत आणला. नर्सरीत एकेरी मोगरा, बटमोगरा, हजारी, मोतिया, मदनबाण अशी नावे ऐकू येतात. बटमोगऱ्याची कळी गोल, टपोरी. मदनबाणाची लांब आणि टोकदार. बाकीच्या नावांवर फार विसंबू नये, ती एका नर्सरीतून दुसऱ्या नर्सरीत जाताना बदलतात. रोप घेताना एखादे उमललेले फूल पाहून घ्यावे.

मोगरा कुंडीत वाढवण्याचा हव्यास किती टोकाला जाऊ शकतो, याचा दाखला इटलीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याच्याकडे गोव्याहून दुहेरी पाकळ्यांचा मोगरा गेला. तिकडची थंडी त्याला सोसणार नाही म्हणून फ्लॉरेन्सजवळ कास्तेलो येथील बागेत त्याच्यासाठी वेगळे ऊबघर बांधले गेले. तिथे या झाडाला आजही ‘मुगेरीनो’ म्हणतात. ‘मोगरा’ हा शब्दच इटालियन होऊन बसला आहे.

महाराष्ट्रात ऊबघराची गरज नाही, पण उन्हाची आहे. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेला मोगरा जगतो, पाने काळीभोर होतात, फांद्या लांबट वाढतात आणि कळी धरत नाही. कुंडी दहा-बारा इंचांची पुरते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, वर लाल माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू. पाणी कुंडीत साचून राहिले की मुळे कुजतात.

फुलांचे खरे गुपित छाटणी आणि ताण यांत आहे. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्याच्या टोकाला. जुनी फांदी कितीही जोमदार असली तरी तिच्यावर आशा धरण्यात अर्थ नाही. थंडी ओसरू लागली, म्हणजे साधारण जानेवारीच्या अखेरीस, की आठ-पंधरा दिवस पाणी तोडतात. पाने मलूल होऊन गळू लागतात, आणि नेमका इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. झाड मेले असे वाटून कोणीतरी तांब्याभर पाणी ओततेच. ताण पुरा झाला की फांद्या निम्म्याने कापायच्या, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढायची, वरची माती खुरपून शेणखत घालायचे आणि मग भरपूर पाणी द्यायचे. थोड्याच दिवसांत पानांच्या खोडापासल्या गाठींतून पोपटी डोळे फुटतात. फुटव्याच्या टोकाला कळ्या येतात, पुष्कळदा तीन-तीनच्या झुबक्याने. त्यांतली मधली आधी उमलते. मार्च ते जून हा मुख्य बहर. बहरातल्या फुलून गेलेल्या फांद्यांचे शेंडे खुडत राहिले तर पावसाळ्यातही थोडी फुले मिळतात.

आदल्या दिवसापर्यंत हिरवट असलेली कळी उमलायच्या दिवशी सकाळी पांढरीशुभ्र आणि घट्ट असते, दुपारी फुगते, संध्याकाळी उघडते. वास कळीत साठवलेला नसतो, उमलताना तयार होतो. चीनमध्ये फूचौ येथे मोगऱ्याचा चहा करतात तो याच हिशेबाने: दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री चहाच्या पत्तीत मिसळतात आणि उमलताना सुटणारा वास पत्ती शोषून घेते. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातून दादरच्या फूलबाजारात येतो तो मालही कळ्यांचाच. घरी कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर संध्याकाळच्या गजऱ्यापर्यंत टिकतात. चार फुले माठात टाकायची रीत अजून कुठे कुठे आहे.

तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. पानेच पाने आणि फूल नाही, तर ऊन कमी किंवा युरियासारखे नत्राचे खत जास्त. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे पडले, तर लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झाडांत ती हमखास दिसते. कळ्या जांभळट होऊन न उमलताच गळू लागल्या, तर एखादी चिमटीत उघडून पाहावी, आत पोखरणारी बारीक अळी सापडते. अशा कळ्या खुडून दूर टाकाव्यात, कुंडीत पडू देऊ नयेत. कडक उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड होते, तिला पानांच्या खालून जोराने मारलेले पाणी बऱ्यापैकी आवरते.

लागवडीच्या मोगऱ्याला बी सहसा धरत नाही. त्यामुळे नवे झाड छाट कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रोवून, किंवा दाब कलमाने करतात. दाब कलमासाठी पावसाळ्यात खालची लवचीक फांदी वाकवून, एका गाठीपाशी साल जरा खरवडून, ती शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची आणि वर विटेचा तुकडा ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळे सुटली की मूळ झाडापासून तोडून कुंडी शेजारी द्यायला मोकळी. एका इमारतीतले चार मजल्यांवरचे मोगरे म्हणूनच पुष्कळदा चार झाडे नसतात, एकाच झाडाच्या फांद्या असतात.