सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाचे परीक्षण

सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाचे परीक्षण : पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सिंफनीचे (मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या, बहुधा चार भागांच्या रचनेचे) एखादे ध्वनिमुद्रण ऐकून त्यातील वादन आणि त्याचा ध्वनी यांची पारख करण्याची पद्धती. वादनाची जबाबदारी संचालकाची आणि वाद्यवृंदाची असते. ध्वनी घडवण्यात सभागृह, मायक्रोफोन लावणारा तंत्रज्ञ आणि शेवटी ऐकणाऱ्याची खोली या तिघांचा हात असतो. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवणे हा या पारखीचा पाया आहे. तो ठेवला नाही, तर खरखरत्या तबकडीतले थोर वादन हातचे जाते आणि गुळगुळीत ध्वनीतले निर्जीव वादन डोक्यावर घेतले जाते.

मराठवाड्यातील रसिकाला ही पारख विशेष गरजेची आहे. राज्यात सिंफनी वाजवणारा मोठा व्यावसायिक वाद्यवृंद म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. लातूर, नांदेड किंवा परभणीत राहणाऱ्याची बेथोव्हन या जर्मन संगीतकाराशी गाठ पडते ती बहुतेक ध्वनिमुद्रणातूनच. त्याचा कान मात्र कोरा नसतो. पखवाजाच्या ठेक्यावर टाळकऱ्यांची भजने ऐकत वाढलेल्या माणसाला लय कुठे ढिली पडली हे सांगावे लागत नाही. अडचण वेगळी आहे. आपला कान एका सुरावटीचा माग काढायला शिकलेला असतो. तो पहिल्या व्हायोलिनांना धरून बसतो आणि त्याच वेळी व्हायोला व चेलो ही तारवाद्ये आणि बसून हे खर्जातले फुंकवाद्य काय वाजवत आहेत हे निसटून जाते. एकच भाग तीन-चारदा लावून दर वेळी वेगळ्या वाद्यामागे गेले की ही सवय सुटते.

पारखीसाठी बेथोव्हनची पाचवी सिंफनी (पहिला प्रयोग व्हिएन्ना, 22 डिसेंबर 1808) फार सोयीची आहे. ती सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते आणि तिची ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. पहिला प्रश्न गतीचा. बेथोव्हनने आपल्या सिंफन्यांचे मेट्रोनोमचे (लयीचे ठोके मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे 1817 मध्ये प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या भागासाठी मिनिटाला 108 हाफ नोट (पूर्ण स्वराच्या निम्म्या लांबीचे स्वर) अशी त्याची सूचना आहे. ही गती दमछाक करणारी असल्याने अनेक संचालक तिच्या खाली राहिले. जॉन एलियट गार्डिनर यांच्यासारख्यांनी जुन्या घडणीच्या वाद्यांवर ती गाठण्याचा आग्रह धरला. पण गतीचा आकडा जुळला म्हणजे वादन चांगले झाले असे नाही. विल्हेल्म फुर्टवेंगलर यांच्या बर्लिनच्या 1947 च्या मैफिलीत लय सतत ताणली आणि सोडली जाते, ध्वनी जुनाट आहे; तरी त्यातला ताण आजही अंगावर येतो.

संचालकाने स्कोअर (रचनेची लिहिलेली स्वरलिपी) कसा वाचला आहे हे ओळखण्याची एक खूण पहिल्या भागातच सापडते. सुरुवातीला दुसऱ्या मुख्य सुरावटीची वर्दी दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्ये) जोरात देतात. हाच मजकूर पुढे परत येतो तेव्हा बेथोव्हनने तो बसूनांना दिला आहे, कारण त्या काळच्या बिनझडपांच्या हॉर्नवर नव्या स्वरात तो नीट वाजत नसे. झडपांचे हॉर्न आल्यावर कित्येक संचालकांनी ती जागा पुन्हा हॉर्नकडे सोपवली. हॉर्नने तिथे दिमाख येतो यात शंका नाही. तरीही बसूनांचा तो किंचित घोगरा, धडपडणारा सूर या भागाच्या स्वभावाला जास्त शोभतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बसूनांच्या या जागेच्या थोडे आधी सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो (सनईच्या जातीचे फुंकवाद्य) काही क्षण बोलतो. तिथे वादकाला मोकळा श्वास मिळतो आहे की संचालक त्याला घाई करतो आहे, हे कान देऊन ऐकावे.

ध्वनीची कसोटी तिसऱ्या भागात लागते. त्याच्या मधल्या विभागात चेलो आणि डबल बास द्रुत सुरावट घेऊन एकदम धावत सुटतात. चांगल्या ध्वनिमुद्रणात तारेवर गजाचा चावा ऐकू येतो आणि प्रत्येक स्वर सुटा राहतो. वाईटात नुसता गडगडाट उरतो. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झची. मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ नाद निघतच नाही, म्हणून मोबाइलवर ऐकून या जागेबद्दल मत देऊ नये. याच भागाच्या शेवटी, चौथ्याला जोडणाऱ्या सुमारे 50 बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा एक खंड), तारवाद्ये अगदी मंद धरून ठेवलेली असतात आणि टिंपनी (नगाऱ्यासारखे तालवाद्य) दबक्या आवाजात ठोके देत राहते. मग ट्रोंबोन, पिकोलो आणि कंट्राबसून सामील होऊन सगळा वाद्यवृंद उसळतो. ते ठोके स्पष्ट ऐकू यावेत आणि पुढचा स्फोट फाटू नये, या दोन्ही गोष्टी साधणे ही ध्वनिमुद्रकाची खरी परीक्षा.

सभागृहाचा वाटाही मोठा आहे. आर्तुरो तोस्कानिनी यांची एनबीसी या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या वाद्यवृंदाबरोबरची अनेक मुद्रणे स्टुडिओ 8-एच या कोरड्या जागेत झाली. तिथे वादनाची धार लपत नाही, पण स्वरांना ओलावा नाही. कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह 1974 मध्ये केलेले पाचवीचे मुद्रण व्हिएन्नातील म्युझिकफेराइनच्या सभागृहातले आहे. तिथे सूर सुमारे दोन सेकंद रेंगाळतो, तरी क्लायबर यांची लय इतकी ताठ आहे की काहीच मिसळून जात नाही. आर्तुर निकिश यांचे 1913 चे बर्लिनचे मुद्रण याहून वेगळ्या नियमाने ऐकावे लागते. ते विद्युत मायक्रोफोन येण्यापूर्वीचे, कर्ण्यापुढे वाजवलेले आहे. त्यात मंद्र नाद शोधू नये, संचालकाची लय आणि वळणे शोधावीत.

शेवटचे सभागृह म्हणजे आपले घर. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि डोक्यावर लाकडी तुळया असतात. असा खडबडीत पृष्ठभाग आवाज विखरून टाकतो आणि तो घुमत नाही. स्लॅबच्या, फरशी बसवलेल्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत डबल बासची तीच धाव एकमेकांत कालवली जाते. जमिनीवर सतरंजी, समोरच्या भिंतीला एखादी जाड वाकळ आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे एवढ्यानेही ध्वनी बराच स्वच्छ होतो. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असताना टिंपनीचे दबके ठोके ऐकूच येत नाहीत आणि ऐकणारा दोष मुद्रणाला देतो. त्या दिवसांत पहाटे ऐकावे, नाहीतर कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा.

दोन मुद्रणांची तुलना करताना त्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठे वाजणारे मुद्रण कानाला नेहमी सरस वाटते, आणि एकाच मुद्रणाच्या नंतरच्या आवृत्त्यांत आवाज वाढवलेला असू शकतो. म्हणून परीक्षण लिहिताना संचालक आणि वाद्यवृंद यांच्याबरोबर मुद्रणाचे वर्ष, सभागृह, कोणती आवृत्ती ऐकली आणि कशावर ऐकली हेही नोंदवावे.