शिंपला उघडला म्हणजे खाण्याजोगा?

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला बाजार असो की ठाण्याचं मासळी मार्केट, शिवल्या-तिसऱ्यांचा वाटा घेताना आपण सगळेच एक परीक्षा घेतो. तोंड मिटलेलं आहे ना, बोट लावल्यावर झटकन बंद होतंय ना. कोळीण मावशीही दोन शिवल्या एकमेकींवर आपटून दाखवते, "जित्या हायत बघ." घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडवायची, उकळत्या पाण्यात घालायच्या, ज्या उघडत नाहीत त्या फेकून द्यायच्या. ही परीक्षा चांगली आहे, आणि ती सोडू नये. मेलेला, नासलेला शिंपला तिच्यात पकडला जातो. पण एक विष असं आहे की ते पोटात असतानाही शिंपला जिवंत असतो, टवटवीत दिसतो, पातेल्यात नीट उघडतो आणि चवीलाही तसाच लागतो.

हे विष शिंपल्याचं स्वतःचं नाही. ते समुद्रातल्या काही सूक्ष्म शैवालांचं आहे. खडकांना आणि जेटीच्या खांबांना चिकटून राहणारे शिनाणे, चिखलात रुतलेल्या शिवल्या आणि कालवं हे सगळे पाणी गाळून जेवतात. शिनाण्याच्या कल्ल्यांवर असंख्य बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि पाणी आत ओढतात. मोठा शिनाणा तासाला काही लिटर पाणी असं गाळतो. गाळलेले कण चिकट स्रावात अडकून तोंडाकडे सरकतात. नको असलेला गाळ तोंडाशीच वेगळा होऊन बाहेर टाकला जातो, पण शैवालाच्या बऱ्याचशा पेशी पोटात जातात. त्या पचतात, आणि त्यांच्यातलं विष मुख्यतः पचनग्रंथीत साठत जातं. शिंपला उघडल्यावर मधोमध जो काळपट-हिरवट गोळा दिसतो, तीच ही ग्रंथी. पाण्यात विरळ असलेलं विष तिथे काही दिवसांत माणसाला घातक ठरेल इतकं दाट होऊ शकतं.

या विषांपैकी सर्वांत कुख्यात सॅक्सिटॉक्सिन. ते अलेक्झांड्रियमसारख्या शैवालात तयार होतं. आपल्या मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियमच्या आयनांमुळे, आणि हे आयन पेशीच्या आवरणातल्या अतिसूक्ष्म वाटांमधून आत शिरतात. सॅक्सिटॉक्सिन बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसं या वाटेच्या तोंडाशी बसतं. मग ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, बोटं बधिर पडतात, हातपाय जड होतात, आणि विष जास्त गेलं असेल तर श्वासाचे स्नायूच थांबतात. यावर उतारा नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वास देऊन वेळ काढावी लागते. पहिला दिवस निभावला तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

मग तेच विष अंगात घेऊन शिनाणा जगतो कसा? कारण त्याच्या नसांवर ते फारसं चालत नाही. याचं सुंदर स्पष्टीकरण 2005 साली उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या मऊ कवचाच्या शिवल्यांमध्ये सापडलं. जिथे विषारी शैवालाचा बहर वारंवार येतो तिथल्या, आणि जिथे तो येत नाही तिथल्या शिवल्या शास्त्रज्ञांनी शेजारी शेजारी तपासल्या. बहर नसलेल्या भागातल्या शिवल्यांना विषारी शैवाल खायला मिळताच त्या लुळ्या पडल्या, त्यांना वाळूत शिरता येईना. दुसऱ्या मात्र बिनदिक्कत वाळूत घुसल्या. फरक होता सोडियमच्या वाटेच्या प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एकाच दुव्याचा. तेवढ्या बदलाने विषाची पकड सुमारे हजार पटींनी सैल झाली होती. पिढ्यान् पिढ्या बहर सोसून हा बदल असलेल्या शिवल्याच तिथे टिकल्या. आपल्यासाठी यातली वाईट गोष्ट अशी, की सोसणारी शिवली खाणं थांबवत नाही, त्यामुळे तिच्यात विष जास्त साठतं.

शिनाण्यांना काहीच होत नाही असंही नाही. विषारी शैवाल पाण्यात वाढलं की कित्येक जाती शिंपा मिटून घेतात, गाळणं कमी करतात, खडकाला धरून ठेवणारे दोरे कमी विणतात. ऑकाडाइक आम्ल हे आणखी एक शैवालविष. त्याने त्यांच्या रक्तपेशींतल्या डीएनएला इजा झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पाणी स्वच्छ झालं की शिनाण्यातलं सॅक्सिटॉक्सिन साधारण काही आठवड्यांत उतरतं. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या 'बटर क्लॅम' या शिवलीत मात्र ते दोन वर्षांपर्यंत राहू शकतं. सॅक्सिटॉक्सिन हे नावही तिच्याच शास्त्रीय नावावरून आलं.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण सप्टेंबर 1997 मध्ये केरळात विझिंजमला शिनाण्यांच्या जातीचे शिंपले खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. 1983 साली मंगळूरजवळ कुंबळ्याला शिवल्या खाऊन एक मुलगा गेला. आपलाच पश्चिम किनारा हा. कॅनडात 1987 साली शिंपले खाल्लेल्या शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला, तेव्हा काहींची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली. तिथे कारण होतं डोमोइक आम्ल, डायटम या प्रकारच्या एका सूक्ष्म शैवालाचं विष.

उकळल्याने यातलं काही जात नाही. जंतू मरतात, ही विषं उष्णतेला दाद देत नाहीत. लसूण किंवा चांदीचा चमचा काळा पडतो का, हे पाहण्यालाही काही अर्थ नाही. पाण्याच्या रंगावरही भिस्त ठेवता येत नाही. रात्री लाटा निळ्या चमकवणारी नॉक्टिल्युका, समुद्रातला एक सूक्ष्म जीव, मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांनी पाहिली आहे. ती समुद्राचा रंगच बदलून टाकते, पण सॅक्सिटॉक्सिन तयार करत नाही. उलट डायनोफायसिस हे विषारी शैवाल लिटरभर पाण्यात काहीशे पेशी इतकं विरळ असलं, पाणी नेहमीसारखंच दिसलं, तरी शिंपल्यांतून जुलाबाचा त्रास होऊ शकतो.

म्हणून खरी परीक्षा पाण्याची आणि मांसाची, तीही प्रयोगशाळेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार किलोभर मांसात सॅक्सिटॉक्सिन 0.8 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, डोमोइक आम्ल 20 मिलिग्रॅमपेक्षा. कॅलिफोर्नियात तर हौसेने शिनाणे गोळा करून खायला दर वर्षी 1 मे ते 31 ऑक्टोबर सरसकट बंदी असते. ठाण्याच्या खाडीत दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी उतरतं, आणि त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शैवालाचं खाद्य आहे. एवढ्या दाट वस्तीच्या काठावरून शिवल्या गोळा होतात आणि विकल्या जातात, तेव्हा त्यांच्या मांसाची नियमित तपासणी व्हावी आणि निकाल कोळीवाड्यांपर्यंत मराठीतून पोचावेत, अशी मागणी आपण लावून धरायला हवी. त्यात कोळ्यांचंही हित आहे, कारण एका अपघाताने सगळ्या किनाऱ्याचा धंदा बसतो.

तोवर विकत घेताना माल कुठल्या पाण्यातला ते विचारावं. पाण्याचा रंग बदललाय किंवा खाडीत मासे मरून वर आलेत असं कळलं, तर ते काही आठवडे शिंपले टाळावेत. आणि खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात ओठांना मुंग्या आल्या तर वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठावं, काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, आणि उरलेलं कालवण व शिंपा फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्यावं.