मोलकरणीवरचा विनोद आणि १९११ चा विमा कायदा: पार्श्वभूमी

मालकिणीच्या पोशाखाची नक्कल करणारी, कपबश्या फोडणारी आणि गस्तीवरच्या पोलिसाला स्वयंपाकघरात बसवून गार मटण खाऊ घालणारी मोलकरीण हे पात्र ब्रिटिश विनोदी साप्ताहिकांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वावरत होते. विसावे शतक उजाडले तेव्हा ते चांगलेच रुळले होते. त्यावर हसणाऱ्या बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना एकच मोलकरीण परवडत असे आणि तिने काम सोडले की शेगडी पेटवण्यापासून सारे मालकिणीच्या अंगावर पडे. त्या हसण्यात ही धास्तीही होती.

या विनोदाची दिशा बदलली ती १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या वादात. आजारपणाच्या विम्यासाठी मोलकरणीच्या पगारातून आठवड्याला तीन पेनी कापायचे, मालकिणीने आपले तीन पेनी घालायचे आणि तेवढ्या रकमेची तिकिटे कार्डावर चिकटवायची, अशी ही योजना होती. मोलकरीण आजारी पडली तर आम्हीच तिची शुश्रूषा करतो, सरकारने घरातल्या नात्यात नाक खुपसू नये, असा मालकिणींचा युक्तिवाद होता. (आजारी मोलकरणीला माहेरी किंवा धर्मादाय रुग्णालयात धाडणाऱ्या घरांचा उल्लेख त्यात अर्थातच नसे.) नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनमध्ये भरलेल्या प्रचंड निषेध सभेला मालकिणींबरोबर मोलकरणीही हजर होत्या, त्यांतल्या किती स्वेच्छेने आल्या होत्या, हा प्रश्न तेव्हाही विचारण्याजोगा होता. ‘आम्ही तिकिटे चाटणार नाही’ ही घोषणा गंभीरपणे दिली गेली, पण थट्टेला याहून सोपे लक्ष्य मिळणे कठीण होते. कायदा डिसेंबरमध्ये संमत झाला, जुलै १९१२ पासून लागू झाला आणि तिकिटे मुकाट्याने चिकटू लागली.

पहिल्या महायुद्धात हजारो मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. तेथे पगार अधिक होता आणि संध्याकाळ स्वतःची होती. युद्धानंतर त्यांना पुन्हा घरकामाकडे वळवण्यासाठी, असे काम नाकारणाऱ्यांचा बेकारी भत्ता बंद करण्यापर्यंत मजल गेली. दुसरीकडे, १९२० च्या बेकारी विम्यातून खासगी घरांतील घरकाम वगळलेलेच राहिले. याच काळात मोलकरीण खुर्चीत बसून मालकिणीची मुलाखत घेते आहे, कुटुंबात माणसे किती आणि सुट्ट्या किती हे विचारते आहे, अशा धर्तीचे विनोद फोफावले. प्रत्यक्षात १९३१ च्या जनगणनेतही इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामात होत्या आणि अटी बहुतेक वेळा मालकीणच घालत होती.