सत्त्याऐंशीव्या घराचा शोध

आवर्तसारणीत सिझियमच्या खालचे घर फ्रान्सियम या मूलद्रव्याचे, अणुक्रमांक ८७. डोळ्यांना दिसेल एवढा त्याचा तुकडा आजवर कुणीही पाहिलेला नाही. त्याचे सर्वांत टिकाऊ समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू), फ्रान्सियम-२२३, दर २२ मिनिटांनी निम्मे होते. समजा, दुपारी चार वाजता एक लाख अणू हाती आले. चार-बावीसला ५० हजार, चार-चव्वेचाळीसला २५ हजार, आणि संध्याकाळी सातला चारशेसुद्धा उरत नाहीत. दिसेल एवढे साठवता आलेच, तरी स्वतःच्याच किरणोत्सारी उष्णतेने त्याची वाफ होईल.

मग ते निसर्गात असते कसे? युरेनियम-२३५चे अणू किरणोत्साराने टप्प्याटप्प्याने विघटित होतात, त्या ऱ्हासात पुढे ॲक्टिनियम-२२७ तयार होते. त्याचे बहुतेक अणू बीटा कण टाकून थोरियम होतात. शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा अल्फा कण टाकतो आणि फ्रान्सियम होतो. असे ते सतत जन्मते आणि सतत विरते. पृथ्वीच्या अख्ख्या कवचात कोणत्याही क्षणी ते तीसेक ग्रॅमच असावे, असा अंदाज आहे.

सिझियमखाली त्याच्याच कुळातला, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखा, एखादा अल्कली धातू असणार, हे सारणीवरून कळत होतेच. त्यामुळे दावेदारही झाले. १९३०मध्ये अमेरिकेत फ्रेड ॲलिसन यांनी ‘व्हर्जिनियम’ जाहीर केले, १९३६मध्ये रुमानियन शास्त्रज्ञ होरिया हुलुबेई यांनी ‘मोल्डाव्हियम’. दोन्ही दावे टिकले नाहीत.

घर भरले ते पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या मार्गरीट पेरे यांनी. वडील लहानपणीच गेलेले, डॉक्टर व्हायचे राहून गेलेले. रसायन-तंत्रज्ञाची पदविका घेऊन १९२९मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या मेरी क्युरींच्या मदतनीस झाल्या. काम एकच: लँथॅनमच्या मिश्रणातून ॲक्टिनियम वेगळे काढायचे, पुन्हा पुन्हा, चिकाटीने. या शोधाचे खरे मूळ मला त्या शुद्धीकरणातच दिसते. जानेवारी १९३९मध्ये त्यांनी ॲक्टिनियमपासून त्याची सगळी अपत्ये, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून बनलेली मूलद्रव्ये, झटपट वेगळी केली आणि लगेच मोजणी सुरू केली. ताज्या नमुन्यातला बीटा किरणोत्सार हळूहळू वाढत होता. थोडा उशीर झाला असता, तर इतर अपत्यांच्या गर्दीत ही वाढ बुडून गेली असती. त्यांनी द्रावणात सिझियमचा क्षार घातला आणि परक्लोरेटच्या रूपात साका खाली बसवला. तो किरणोत्सार सिझियमसोबत खाली आला. म्हणजे हा पदार्थ अल्कली धातूच! अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, तेव्हा निघाले सुमारे २१ मिनिटे. निसर्गात प्रथम सापडलेले हे शेवटचे मूलद्रव्य. त्यानंतरची सगळी आधी प्रयोगशाळेत घडवली गेली.

तेव्हा पेरे यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. डॉक्टरेट मिळाली १९४६मध्ये. त्यांनी आधी ‘कॅटियम’ हे नाव सुचवले होते. मांजराचा भास होतो म्हणून ते मागे पडले आणि मायदेशाच्या नावावरून फ्रान्सियम ठरले. १९४९मध्ये स्ट्रासबुर्गला त्या प्राध्यापक झाल्या.

१९११मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने मेरी क्युरींना सदस्यत्व नाकारले होते. १९६२मध्ये त्याच अकादमीवर संवादी सदस्य (पूर्ण सदस्यत्वाच्या खालचा दर्जा) म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे पेरे. तोवर किरणोत्साराने त्यांचे शरीर पोखरले होते. फ्रान्सियममुळे कर्करोगाचे निदान लवकर करता येईल, अशी त्यांना आशा होती. १९७५मध्ये त्या कर्करोगानेच गेल्या.