ब्लॅक इज ब्यूटिफुल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय समाजात १९६०च्या दशकात रूढ झालेले घोषवाक्य व त्याभोवती उभी राहिलेली सौंदर्यविषयक चळवळ. तिचा मुख्य भार तरुण स्त्रियांनी वाहिला. मराठीत ‘काळे ते सुंदर’ असे भाषांतर होऊ शकते. पण त्यात रंग तेवढा उतरतो, ‘ब्लॅक’ या शब्दातील समाजाची ओळख निसटते. म्हणून नोंदशीर्षकात मूळ रूपच ठेवले आहे.

उगम : वाक्याचे जनकत्व पुष्कळदा बॉस्टनचे डॉक्टर व वकील जॉन रॉक (१८२५–६६) यांना दिले जाते. ५ मार्च १८५८ रोजी फॅन्युइल हॉलमधील सभेत त्यांनी केलेले भाषण हा त्याचा आधार. मात्र भाषणाच्या छापील पाठात हे शब्द सापडत नाहीत. कृष्णवर्णीयांचा गडद रंग, रुंद चेहरेपट्टी व कुरळे केस यांच्याशेजारी गोऱ्यांचा फिकट वर्ण व लुळे केस ठेवून, गोरा माणूस घडवताना निसर्ग बराच थकला असावा, असा टोला रॉक यांनी मारला होता. आशय जवळचा आहे; नेमके वाक्य त्यांच्या तोंडी नंतर घातले गेले असावे.

काही अभ्यासक बायबलमधील ‘गीतरत्न’ (१:५) या भागापर्यंत मागे जातात. तेथील तरुणी स्वतःला काळी व सुंदर म्हणवते. दोन विशेषणांमधील हिब्रू अव्ययाचा अर्थ ‘आणि’ असाही होतो, ‘पण’ असाही. जुन्या ग्रीक भाषांतराने ‘आणि’ घेतला. ख्रिस्ती विद्वान जेरोमच्या लॅटिन पाठात ‘परंतु’ आला आणि १६११च्या इंग्रजी भाषांतरातही तोच राहिला. एका अव्ययाने काळेपण हे सौंदर्यातील उणे ठरले. या वचनाचा घोषवाक्याशी थेट धागा जोडणे मात्र कठीण आहे.

अधिक भरवशाचा माग कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीपासून लागतो. त्यांच्या संघटनेने (स्थापना १९१४) कृष्णवर्णीय मुलींसाठी काळ्या बाहुल्यांचा पुरस्कार केला. गार्वींचे अनुयायी कार्लोस कुक्स न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात केस सरळ न केलेल्या तरुणींची सौंदर्यस्पर्धा भरवत. कुक्स यांच्या प्रभावाखालील छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट (१९३८–२०२३), त्यांचे बंधू इलोम्बे ब्रॅथ व सहकारी यांनी २८ जानेवारी १९६२ रोजी हार्लेममधील पर्पल मॅनर येथे ‘नॅचरली ६२’ हा वेशभूषा व केशभूषेचा कार्यक्रम केला. त्यातील ‘ग्रँडासा मॉडेल्स’ याच वस्तीतल्या मुली होत्या, व्यावसायिक मॉडेल नव्हेत. त्यांनी केस नैसर्गिक ठेवले होते आणि कपडे आफ्रिकी धर्तीचे होते. घोषवाक्य लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय या मंडळींना देणे प्रस्तुत नोंदकारास सयुक्तिक वाटते. मात्र ब्रॅथवेट यांच्या नावाचा उल्लेख होतो तितका त्या मुलींचा होत नाही.

केस : वाद रंगापेक्षा केसांवर अधिक पेटला. आफ्रिकी वंशाच्या केसांचा छेद साधारणतः लंबवर्तुळाकार असतो व मूळ वक्र असते. त्यामुळे केस घट्ट वळतो, टाळूचे तेल टोकापर्यंत पोचत नाही आणि वळणाशी केस तुटतो. तो सरळ करण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिली तापवलेल्या धातूच्या फणीची. चुलीवर फणी तापवायची, केसांना चोपड लावायचे, कान दुमडून धरायला सांगायचे आणि मुळापासून फणी ओढायची. यात केसांतील हायड्रोजन बंध तात्पुरते तुटतात. पावसाची सर आली किंवा घाम फुटला की केस पुन्हा वळतात. दुसरी पद्धत कॉस्टिक सोड्याच्या मलमाची. ते केसांतील गंधकाचे बंध कायमचे तोडते. वेळ चुकली तर टाळू भाजते. नवे केस मुळाशी कुरळेच येत असल्याने हे काम काही आठवड्यांनी पुन्हा करावे लागते.

ही फणी खाली ठेवणे म्हणजेच पुढे ‘आफ्रो’, म्हणजे कुरळे केस सरळ न करता डोक्याभोवती गोल वाढू देण्याची रचना. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात रॉबिन ग्रेगरी ही आफ्रो राखलेली विद्यार्थिनी ‘होमकमिंग क्वीन’ (विद्यापीठाच्या वार्षिक स्नेहमेळाव्याची राणी) निवडून आली. मंचावर तिचा चेहरा दिसण्याआधी केसांची गोल सावली पडद्यावर उमटली, असे तेथे हजर असलेल्यांनी सांगितले आहे. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत, मिस अमेरिका स्पर्धेच्याच दिवशी, पहिली ‘मिस ब्लॅक अमेरिका’ स्पर्धा झाली. तीत साँड्रा विल्यम्स विजयी ठरली. १९७० मध्ये कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांचा खून व अपहरणाच्या आरोपांवरून शोध सुरू असताना आफ्रो राखलेल्या अनेक तरुणींना पोलिसांनी अडवले. डेव्हिस १९७२ मध्ये निर्दोष सुटल्या. पुढे आपली आठवण केवळ केशरचना म्हणून उरली, अशी खंत त्यांनी व्यक्त केली आहे.

न्यायालयांत प्रश्न लांबला. १९८१ मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचारी स्त्रीने घट्ट वेण्यांवरील बंदीविरुद्ध दाद मागितली. आफ्रो नैसर्गिक पण वेणी कृत्रिम, असा भेद करून न्यायालयाने तिचा मुख्य दावा फेटाळला. केसांच्या पोतावरून व केशरचनेवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये प्रथम केला.

अन्यत्र : दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात केसांत पेन्सिल खोचून ती गळून पडते की अडकते यावरून वंश ठरवला जाई. २०१६ मध्ये प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनींनी निदर्शने केली. १३ वर्षांची झुलैखा पटेल त्यांत पुढे होती. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात १९७४ मध्ये स्थापन झालेली ‘इले आइये’ ही कार्निव्हल मंडळी दरवर्षी एका कृष्णवर्णीय तरुणीला ‘आबनूसची देवी’ म्हणून निवडते. महाराष्ट्रात दलित पँथरने (१९७२) अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षापासून नाव व प्रेरणा घेतली. मराठीत त्या निमित्ताने राजकारण व साहित्य यांची चर्चा अधिक झाली, केसांची फारशी नाही.