हिशेब न मांडण्याचं गणित

परोपकाराचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास तोंड उघडतात. पहिला म्हणतो, "अहो, निःस्वार्थ वगैरे काही नसतं. दिल्यावर मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, बरं वाटतं, म्हणून माणूस देतो." दुसरा व्यासपीठावर असतो, कॉलरला माइक लावून. तो सांगतो, "तुम्ही विश्वाला द्या, विश्व दसपट परत करेल." पहिल्याचं विज्ञान अर्धवट आहे. दुसऱ्याचं विज्ञानच नाही. कंपनं, ऊर्जा, क्वांटम हे शब्द पेरले म्हणून ते होत नाही. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की देणं हा शेवटी सौदा आहे. मला आज जे गणित सांगायचं आहे, ते या गृहीतकालाच चकवा देतं.

आधी डोपामिनवाल्याकडे पाहू. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात एक प्रयोग झाला. १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. कधी त्यांच्या पैशातून सक्तीने, कराप्रमाणे, काही रक्कम गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थेकडे वळवली, तर कधी द्यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलं. स्वतःला पैसे मिळाल्यावर मेंदूतले जे भाग चेतवले जातात, तेच भाग संस्थेला पैसे गेल्यावरही चेतवले गेले. सक्ती असतानासुद्धा, आणि स्वखुशीने दिल्यावर जास्त. म्हणजे दिल्याने बरं वाटतं, हे खरंच. पण बरं वाटणं हा परिणाम झाला, हेतू नव्हे. पोहून आल्यावर कडकडून भूक लागते, म्हणून कोणी भूक लागावी यासाठी पाण्यात उतरत नाही.

याला आणखी एक पुरावा आहे आणि तो मला जास्त पटतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यासाठी खर्च करा किंवा दान करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. गंमत पुढेच आहे. वेगळ्या लोकांना फक्त अंदाज विचारला, तर बहुतेकांनी उलटं सांगितलं: स्वतःवर खर्च केला तर जास्त मजा येईल आणि २० डॉलर असतील तर आणखी. जो आनंद मिळणार याचा माणसाला धड अंदाजही नसतो, त्या आनंदासाठीच तो देतो, असं म्हणायचं तरी कसं?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी हाच प्रश्न १९८१ मध्ये वेगळ्या बाजूने विचारला होता. समोर एका तरुणीला विजेचे धक्के बसताहेत असा देखावा होता. बघणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं, हवं तर लवकर उठून जाऊ शकता. स्वतःची अस्वस्थता घालवणं एवढाच हेतू असता, तर माणसं निघून गेली असती. तो सर्वांत स्वस्त उपाय होता. ज्यांच्या मनात तिच्याविषयी कळवळा जागा झाला होता, त्यांच्यातले बहुतेक थांबले आणि उरलेले धक्के स्वतः घ्यायला तयार झाले. या प्रयोगावर पुढे कितीतरी वर्षं वाद झाले. तरी 'सगळं स्वार्थानेच' हे वाक्य इतक्या बेफिकिरीने उच्चारण्याची सोय त्यानंतर राहिली नाही.

मग उत्क्रांतीने असला कळवळा टिकवला कसा? शाळेच्या पुस्तकातलं उत्तर थोडक्यात असं. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये नातलगांचं गणित मांडलं: मदतीचा फायदा गुणिले रक्ताच्या नात्याची जवळीक हे मदतीच्या किमतीपेक्षा जास्त भरलं, तर मदत करायला लावणारी जनुकं टिकतात. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परक्यांचं मांडलं: आज मी तुला, उद्या तू मला. दोन्ही सिद्धांत भक्कम आहेत. पण ते मदत का होते एवढंच सांगतात. आपल्याला मदतीइतकीच मदत करणाऱ्याची वृत्तीही महत्त्वाची वाटते, ती का, हे त्यांतून कळत नाही.

साधा प्रसंग घ्या. तुम्ही दोन मित्रांना फोन करता: "उद्या घर हलवायचंय, येशील?" पहिला म्हणतो, "येतो." दुसरा म्हणतो, "किती वेळ लागेल साधारण? सामान किती आहे? ...बरं, येतो." दुसऱ्या दिवशी दोघंही येतात, दोघंही सारखीच खोकी उचलतात. काम तेवढंच झालं. पण दुसऱ्याविषयी मनात बारीकशी खोच राहते, ती कुठून येते?

मोशे हॉफमन, एरेझ योएली आणि मार्टिन नोवाक यांनी २०१५ मध्ये यावर एक खेळ रचला. तो मला इतका आवडतो की जरा सविस्तर सांगतो.

एक देणारा आणि एक जोडीदार. प्रत्येक फेरीत देणाऱ्यापुढे एक बंद पाकीट येतं. या फेरीत जोडीदाराला वाऱ्यावर सोडलं तर किती फायदा होईल, तो आकडा आत असतो. बहुतेक पाकिटांत आकडा लहान, क्वचित एखाद्यात भला मोठा. देणारा पाकीट उघडून ठरवू शकतो, किंवा न उघडताच साथ देऊ शकतो. जोडीदाराला आतला आकडा दिसत नाही; पाकीट उघडलं गेलं की नाही, एवढंच दिसतं. फेरी संपली की नातं चालू ठेवायचं की तोडायचं, हे जोडीदार ठरवतो.

आता आकडे घालू (हे माझे, सोयीसाठी घेतलेले). साथ दिली तर देणाऱ्याला दर फेरीत २ गुण मिळतात. नातं सरासरी १० फेऱ्या चालतं, म्हणजे नात्याचं एकूण मोल २०. दर १० पाकिटांपैकी ९ मध्ये मोह ५ गुणांचा, एकामध्ये ५० गुणांचा. जोडीदाराला साथ मिळाली तर १ गुण, दगा झाला तर २० गुणांचं नुकसान.

पाकीट उघडणारा माणूस काय करेल? ५ दिसले तर साथ देईल, कारण नातं २० चं आहे. ५० दिसले की मात्र निघून जाईल. तो दुष्ट नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण जोडीदाराच्या बाजूने पाहा. दर फेरीत ०.९ गुणांची सरासरी कमाई आणि २ गुणांचं सरासरी नुकसान. पाकीट उघडणाऱ्याची संगत घाट्याची, मग तो आज कितीही चांगला वागला तरी. म्हणून शहाणा जोडीदार पाकीट उघडताना पाहिलं की नातं तोडतो. आणि न उघडणाऱ्याला धरून ठेवतो.

मग देणाऱ्यापुढे खरे पर्याय दोनच उरतात. उघडलं तर नातं जाणारच, तेव्हा आत असेल तो मोह पदरात पाडायचा, सरासरी ४.५ अधिक ५, म्हणजे ९.५. न उघडता साथ दिली तर २०. हिशेब न मांडणारा जिंकतो, आणि तो हिशेबानेच जिंकतो!

बीजगणिताची आवड असलेल्यांसाठी: नात्याचं मोल न, लहान मोह ल, मोठा मोह म, लहान मोह येण्याची शक्यता श. न उघडण्याची वृत्ती टिकायला न > श×ल + (१−श)×म हवं, आणि प्रश्नात मुळात दम यायला म > न. दुसरी अट विसरू नका. मोठ्यात मोठा मोहसुद्धा नात्यापेक्षा लहान असेल, तर पाकीट उघडणाराही कायम साथच देईल आणि कोण उघडतो हे बघायची कुणाला गरज पडणार नाही. तिसरी अट जोडीदाराची: दग्याचं सरासरी नुकसान साथीच्या सरासरी कमाईपेक्षा जास्त हवं. हे कंटाळवाणं वाटलं तर सोडून द्या, पण यातून एक अपेक्षा निघते. माणसं 'उघडलं का?' याकडे डोळे लावून बसतील ती मैत्रीत, लग्नात, आजारपणात, जिथे एखाद्या दिवशी साथ सुटली तर फार मोठं नुकसान होतं. बाजारहाटात कोणी हिशेब केला तर आपल्याला राग येत नाही.

यात कुणी मनात गणित मांडत बसत नाही, हेही लक्षात घ्या. या संशोधकांनी दाखवलं की जे फळतं त्याचंच प्रमाण वाढतं, एवढा एकच नियम लावला तरी ही वृत्ती रुजू शकते. माणसाच्या बाबतीत ती रुजते ती कळवळा, माया, निष्ठा या भावनांच्या रूपात. भावना खरीच असते. ती का टिकली, याचं कारण वेगळ्या पातळीवरचं आहे. डोपामिनवाला नेमक्या या दोन पातळ्यांची सरमिसळ करतो.

२०१६ मध्ये जिलियन जॉर्डन, डेव्हिड रँड आणि इतरांनी हे खऱ्या पैशांच्या खेळांत तपासलं. आपण कसं ठरवतो हे इतरांना दिसणार आहे असं कळल्यावर लोकांनी हिशेब कमी केला. न हिशेब करता मदत करणाऱ्यांवर पुढच्या खेळात इतरांनी जास्त विश्वास टाकला. आणि तो सार्थही ठरला. त्यांनी खरोखरच जास्त परत केलं.

प्रामाणिकपणे देणाऱ्याला यश मिळतं, या म्हणण्यात तथ्य असलंच तर ते इथे आहे: लोक त्याला सोडत नाहीत. पण अटी विसरल्या की व्यासपीठावरचं भाषण सुरू होतं. नातं लांब चालणारं हवं, आणि बघणारा जोडीदार हवा, जो सोडूनही जाऊ शकतो. या खेळात आंधळी साथ मोहाकडे डोळेझाक करते. माणसं पारखायला ती मनाई करत नाही.

तब्येतीचंही थोडं. विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये शाळा संपवलेल्यांचा दीर्घकाळ अभ्यास चालला आहे. सारा कोनरॅथ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांच्यातल्या स्वयंसेवकांचे हेतू तपासले. इतरांसाठी म्हणून काम करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. स्वतःच्या फायद्यासाठी करणारे मात्र काहीच न करणाऱ्यांच्या जवळपास होते. हा सहसंबंध आहे, औषध नव्हे. आयुष्य वाढावं म्हणून सेवा करायला निघालेला माणूस तर व्याख्येनेच दुसऱ्या गटात जाऊन बसतो!

आणि अर्थपूर्ण आयुष्य सुखाचंच असेल असंही नाही. रॉय बाउमाइस्टर आणि इतरांनी २०१३ मध्ये सुमारे ४०० प्रौढांकडून उत्तरं घेतली, त्यांत देण्याची वृत्ती आयुष्याला अर्थ असण्याशी जोडलेली निघाली आणि घेण्याची सुखाशी. अर्थपूर्ण आयुष्याबरोबर काळजी आणि ताणही जास्त होता. घरात आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या कोणालाही हे सांगायला अभ्यास लागत नाही.

राहिलं गुप्तदान. या हाताचं त्या हाताला कळू नये असं दिलं, तर पाकीट न उघडल्याचं जोडीदाराला दिसणार कसं? हॉफमन, नोवाक आणि ख्रिश्चन हिल्बे यांनी २०१८ मध्ये याचाही खेळ मांडला. लपवलेलं चांगलं काम बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. पण ज्या थोड्यांना ते पुढेमागे कळतं, त्यांना त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळते: या माणसाला बाकीच्यांच्या वाहवेची गरज नव्हती. ती माहिती मोलाची असते, म्हणून लपवणं परवडतं. मात्र या गणितात दान कधीतरी, कुणाला तरी कळण्याची थोडी शक्यता असावीच लागते. ती शून्य केली की लपवण्याचा फायदाही शून्य होतो. कधीच कुणाला न कळणारं दान या समीकरणात बसत नाही. ते समजून घ्यायला बॅटसन यांच्या प्रयोगशाळेतल्या, उठून जायची मुभा असूनही थांबलेल्या माणसांकडेच परत जावं लागतं.