धुळे ज्याच्या हाताखाली होतं ते लळिंग

धुळ्याहून मालेगावकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून लळिंगचा डोंगर लागतो. पायथ्याला गाव, गावात हेमाडपंती महादेव, वर किल्ला. आज आपण 'धुळ्याजवळचं लळिंग' म्हणतो. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाच पत्ता उलटा सांगितला जायचा.

डोंगर तसा काही मोठा नाही, मोक्याचा आहे. गाळण्याच्या रांगेतून दख्खनची वाट इथूनच पांझरेच्या खोऱ्यात उतरते. ती ज्याच्या नजरेखाली, त्याचा अर्ध्या खान्देशावर वचक.

१३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने खान्देशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद हे परगणे दिले. १३९९ मध्ये तो वारला तेव्हा थाळनेर धाकट्याकडे गेलं, लळिंग थोरल्या नसीरखानाकडे आलं. थोरल्याला खडक नि धाकट्याला तापीकाठ! ही वाटणी नसीरखानाला मानवलेली दिसत नाही. त्याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, आणि १४१७ मध्ये माळव्याची कुमक आणून थाळनेरही भावाकडून हिसकावलं. पण १४३७ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारने रोहणखेडच्या लढाईत त्याला मोडल्यावर तो मागे हटत हटत आला तो अखेर लळिंगलाच. इथेही हरला आणि त्याच साली गेला.

या सगळ्यात धुळे कुठे? लळिंगच्या हाताखालचं एक गाव, एवढंच. १८०३ मध्ये होळकरी लूट आणि दुष्काळ एकदम आले आणि गाव पार ओस पडलं. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ मध्ये इंग्रज आले, कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला केलं. कचेरी आली, मागोमाग पेठ आली. मग गडाला कोण विचारतो!

पुढे शेजारच्या अवधानला एमआयडीसी झाली. लळिंगच्या वाट्याला राहिलं कुरण, पावसाळ्यातला धबधबा आणि कुरणातला लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले, तेव्हा मुक्काम या बंगल्यात होता. अजूनही दर ३१ जुलैला लोक इथे जमतात, ऐन पावसात.